पन्हळींची सफाई : एक शिडीवरून, एक व्हॅक्यूमने

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या आमच्या बंगल्याला पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या दोन पन्हळी आहेत. पुढच्या बैठकीच्या खोलीवर सासऱ्यांनी १९७८ साली घातलेले मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर आहे. त्याच्या वळचणीला जस्ती पत्र्याची अर्धगोल पन्हळ आहे आणि ती जमिनीपासून सुमारे अकरा फुटांवर येते. मागच्या दुमजली भागाची गच्ची गळू लागली, तेव्हा नाशिकमधल्या अनेक घरांप्रमाणे आम्हीही तिच्यावर रंगीत पत्र्याची शेड घातली. त्या शेडची पन्हळ कठड्याच्या बाहेर लोंबते आणि तिची जमिनीपासूनची उंची तीस फुटांच्या आसपास भरते. यंदा उन्हाळ्याच्या अखेरीस पहिली पन्हळ आम्ही शिडी लावून हाताने साफ केली आणि दुसरी व्हॅक्यूम यंत्राने साफ करवून घेतली. कोणती पद्धत कोठे उपयोगी पडली आणि कोठे अडली, ते या लेखात मांडले आहे.

नाशिक शहरात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इगतपुरीच्या मानाने हा पाऊस किरकोळच म्हणायचा, आणि म्हणूनच पन्हळ ही शहरात कोणाच्या फारशी लक्षात न राहणारी वस्तू आहे. परंतु पन्हळीला वर्षाच्या बेरजेशी काही देणेघेणे नसते. एका तासात किती पाऊस कोसळतो, यावर तिची परीक्षा होते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी जमा होते. आमच्या शेडचे छप्पर सुमारे १०० चौरस मीटर आहे. वळवाच्या जोरदार सरीत तासाभरात ४० मिलिमीटर पाऊस झाला, तर ४,००० लिटर पाणी त्या एका तासात पन्हळीतून पाइपात आणि पाइपातून खाली उतरले पाहिजे. पाइपाचे तोंड अर्धे जरी बुजलेले असले, तरी उरलेले पाणी आपली वाट स्वतः शोधते, आणि ती वाट बहुधा भिंतीतून जाते.

मागच्या पावसाळ्यात नेमके हेच झाले. कौलांवरचे पाणी पन्हळीच्या बाहेरच्या काठावरून पागोळ्यांसारखे गळण्याऐवजी आतल्या काठावरून उलटले, वाशांची टोके भिजून काळी पडली आणि बैठकीच्या भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत ओल आली. पाऊस उघडल्यावर पन्हळीत जे पाणी साचून राहिले, त्याची काळजी वेगळीच होती. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आपण कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे आठवणीने रिकामा करतो, पण डोक्यावरची पन्हळ कोणी वाकून पाहत नाही.

पन्हळ भरते कशाने, हे समजल्याशिवाय ती कशी साफ करावी हे ठरवता येत नाही. आमच्या आवारात पुढे कडुनिंब आहे आणि मागच्या बाजूला शेजाऱ्यांचा गुलमोहर आमच्या शेडवर ओणवला आहे. कडुनिंबाची पाने शिशिरात झडतात, चैत्रात मोहराचा सडा पडतो आणि पावसाच्या तोंडावर निंबोळ्या गळतात, म्हणजे पुढच्या पन्हळीला वर्षातून तीनदा निरनिराळा माल मिळतो. गुलमोहराची पर्णिका जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची असते. ती कोणत्याही जाळीतून आत जाते आणि भिजली की तिचा लगदा होऊन पत्र्याला घट्ट चिकटतो. त्याच झाडाची वाळलेली शेंग मात्र फूट-दीड फूट लांब आणि लाकडासारखी टणक असते, ती पन्हळीत आडवी अडकली की तिच्यामागे बांध तयार होतो. पन्हळीवर जाळी बसवण्याचा सल्ला आम्हाला पुष्कळांनी दिला. ज्यांच्या दारात आंबा किंवा फणस आहे त्यांना तो लागू पडेल, गुलमोहराखाली राहणाऱ्यांनी त्यावर पैसे घालू नयेत असे माझे मत आहे.

पुढच्या पन्हळीचे काम आम्ही घरीच करायचे ठरवले. अकरा फूट ही उंची फसवी आहे. ती फारशी वाटत नाही, पण तेवढ्या उंचीवरून फरशीवर पडलेल्या माणसाचे मनगट, माकडहाड किंवा डोके शाबूत राहील याची खात्री नसते. घरात सासऱ्यांच्या काळातली बांबूची शिडी होती. तिच्या पायऱ्यांना बांधलेला काथ्या कुजला होता आणि उभ्या बांबूंना वाळवीने पोखरले होते, त्यामुळे ती सरळ बंबात घालण्याच्या लाकडांत टाकली. त्याऐवजी ओळखीच्या रंगाऱ्याकडून दहा फुटी घोडा, म्हणजे चार पायांवर स्वतः उभी राहणारी शिडी, आणि ॲल्युमिनियमची एक सरळ शिडी काही दिवसांसाठी मागून आणली.

शहाबादी फरशी असलेल्या बाजूला घोडा उत्तम चालला. त्याचे चारही पाय टेकले आहेत आणि मधल्या दोन्ही पट्ट्या पूर्ण उघडून ताणल्या आहेत, हे पाहिल्याशिवाय वर चढायचे नाही, तसेच सर्वांत वरच्या दोन पायऱ्यांवर उभे राहायचे नाही, एवढे पाळले की घोड्यावरचे काम निवांत होते. बागेच्या बाजूला मात्र माती मऊ होती आणि जास्वंदीच्या वाफ्यामुळे घोड्याचे चार पाय समपातळीत बसेनात. तेथे सरळ शिडी लावावी लागली, आणि शिडीच्या कामातली खरी मेख तेथेच कळली.

बहुतेक लोक अशी शिडी सरळ पन्हळीवरच टेकवतात. जस्ती पन्हळीचा काठ माणसाच्या वजनाने दबतो, गुळगुळीत काठावरून शिडी बाजूला घसरते, आणि काही झाले नाही तरी पन्हळीचा उतार कायमचा बिघडतो. त्यामुळे आम्ही शिडीच्या वरच्या टोकाजवळ लाकडाचे दोन हातभर तुकडे बाहेर काढून घट्ट बांधले आणि त्यांच्या टोकांना आडवी फळी ठोकून तिला गोणपाट गुंडाळले. ही फळी पन्हळीखालच्या भिंतीवर टेकली आणि शिडी पन्हळीच्या बाहेरून, तिला स्पर्श न करता उभी राहिली. शिडीचा पाय भिंतीपासून किती दूर असावा, याचा सर्वमान्य हिशेब टेकण्याच्या उंचीच्या एकचतुर्थांश असा आहे. चार फुटांना एक फूट या हिशेबाने आमच्या शिडीचा पाय भिंतीपासून पावणेतीन फुटांच्या आसपास आला. पाय याहून जवळ घेतला तर माणूस शिडीसकट मागे उलटतो आणि दूर नेला तर शिडी खालून सरकते. मऊ मातीवर पायांखाली जाड फळी घातली, फळीच्या बाहेरच्या कडेला दोन खुंट्या ठोकल्या आणि शिडीचे वरचे टोक नायलॉनच्या दोराने वाशाला बांधले. एवढे करूनही यजमान खाली शिडी धरून उभे राहिले, आणि मी वरून काही मागितले की दोन्ही हातांपैकी एकच सोडत होते.

शिडीवर असताना दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम राहिले पाहिजेत. म्हणजे काम करायला एकच हात उरतो. म्हणून बादली हातात न धरता जाड तारेच्या आकड्याने शिडीच्या पायरीला अडकवली. खरवडायला गवंड्याची थापी नेली होती, पण अर्धगोल पन्हळीत तिचे कोपरे रुततात आणि जस्ताचा थर ओरबाडला जातो. खाद्यतेलाचा प्लॅस्टिकचा डबा तिरका कापून त्याचा सुपासारखा तुकडा केला, तो पन्हळीच्या गोलाईला वाकून बरोबर बसला आणि पुढचे सगळे काम त्यानेच झाले. एका जागी उभे राहून दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-अडीच फूट हात पोहोचतो. त्यापलीकडची चार पाने खुणावत असली, तरी कंबर शिडीच्या दोन दांड्यांबाहेर जाऊ द्यायची नाही. खाली उतरायचे, शिडी सरकवायची, पुन्हा बांधायची आणि पुन्हा चढायचे. थकवा खरवडण्याने येत नाही, या चढउताराने येतो, आणि पडणारी माणसे बहुधा हा चढउतार वाचवायला जाऊनच पडतात.

पन्हळीतला गाळ मी प्रथमच इतक्या जवळून पाहिला. वरचा थर वाळलेल्या निंबपानांचा आणि काड्यांचा, हाताने उचलला की चटईसारखा अखंड निघणारा. त्याखाली अर्धवट कुजलेला तपकिरी भुसा होता आणि अगदी तळाशी काळी, चिकट, दोन बोटे जाडीची माती होती, जिच्यात जुन्या कौलांची झिजलेली लाल रेती मिसळलेली होती. ही रेती जड असल्यामुळे पाण्याबरोबर वाहून जात नाही. ती पन्हळीच्या सांध्यांपाशी बसते, तिच्यावर माती धरते आणि मातीत बी रुजते. आमच्याकडे एका सांध्यात पिंपळाचे वीतभर रोप होते. ते उपटायला गेले तर देठ हातात आला आणि मूळ आतच राहिले. डोळे सांध्याजवळ नेऊन पाहिल्यावर दिसले की मूळ दोन पत्र्यांच्या मधून पार पलीकडे गेले आहे आणि सांध्याचा जुना डाख (झाळकाम) त्याने उकलून टाकला आहे. मागच्या वर्षीच्या ओलीचे मोठे कारण तेथे, दोन इंचांच्या फटीत, सापडले.

याच कामात आणखीही गोष्टी हाताला लागल्या. पन्हळ धरून ठेवणारी एक पट्टी वाशापासून सुटली होती, एक कौल खाली घसरून पन्हळीत डोकावत होते, आणि पाइपाच्या तोंडावरची तारेची जाळी चेपून पाइपाच्या आतच जाऊन बसली होती. साफ झालेल्या पन्हळीत एका टोकाने बादलीभर पाणी ओतले, तेव्हा सुटलेल्या पट्टीपाशी ते थांबले. पन्हळीला मीटरमागे पाच-सात मिलिमीटर उतार पुरतो, पण तो सलग असावा लागतो. रंगाऱ्याने पाणी भरलेली पाणसळीची नळी लावून दोन्ही टोकांची पातळी दाखवली, पट्टी वर उचलून नव्या स्क्रूने घट्ट केली आणि सांध्याला डाख देण्यासाठी कारागीर बोलावला.

मागच्या पन्हळीबद्दल याच रंगाऱ्याने मला सहज सुचवले होते, “ताई, त्याला कशाला मशीन? कठड्यावर उभा राहतो, एका हाताने शेडचा पाइप धरतो, दुपारपर्यंत मोकळी करून देतो.” तो पेठकडच्या गावातून कामासाठी नाशिकला येतो, अंगाने काटक आहे आणि त्याने असे काम शंभरदा केले असेल याविषयी मला शंका नाही. परंतु नऊ इंची कठडा, बाहेर तीस फूट मोकळी हवा आणि एक हात गाळात, हे दृश्य माझ्या घराच्या संदर्भात मला मान्य नव्हते. कारखान्यांसाठी २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये, उंचावरून पडण्याचा संभव असेल तेथे काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेची तजवीज करण्याची तरतूद होती. घरमालकाला असे कोणी विचारायला येत नाही, म्हणून रोजंदारीवरच्या माणसाचा जीव कठड्यावर उभा करायचा, हे बरोबर नव्हे. मी नाही म्हटल्यावर तो हसला आणि “मग मशीनवालं पोरगं आहे एक अंबडला,” असे म्हणून त्यानेच पत्ता मिळवून दिला.

हा तरुण एरवी अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत शेडवरचे सौर पॅनेल धुण्याची आणि पावसाळ्यापूर्वी शेडच्या पन्हळी साफ करण्याची कामे घेतो. त्याचे यंत्र म्हणजे चाकांवरचे स्टीलचे पिंप, त्याच्या झाकणावर तीन मोटारी, दोन इंच व्यासाची लवचीक नळी आणि एकात एक बसणारे कार्बन फायबरचे पोकळ दांडे. सर्वांत वरच्या दांड्याला छत्रीच्या मुठीसारखे वळलेले तोंड असते, ते पन्हळीच्या काठावरून आत उतरते. त्याच्याशेजारी एक छोटा कॅमेरा चिमट्याने लावलेला असतो आणि त्याचे चित्र खाली मोबाइलवर दिसते. माणसाचे दोन्ही पाय जमिनीवर राहतात, हा या सगळ्या खटाटोपाचा अर्थ.

पहिली अडचण विजेची आली. तिन्ही मोटारी चालू केल्यावर यंत्र ३,००० वॉटच्या आसपास वीज ओढते, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर. दिवाणखान्यातला सहा अँपिअरचा सॉकेट किंवा दिव्यांच्या माळा लावायचा एक्स्टेंशन बोर्ड यासाठी मुळीच चालत नाही. तार तापते आणि प्लगचे प्लॅस्टिक वितळते. शेवटी गीझरच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटमधून जाड केबल खिडकीबाहेर काढली. दुसरी बाब अधिक गंभीर होती. दांडे हलके आणि काळे दिसतात म्हणून ते प्लॅस्टिकचे आहेत असा समज होतो, पण कार्बन फायबर विजेचा वाहक आहे. आमच्या बाजूच्या रस्त्याने महावितरणच्या उघड्या तारा जातात. तीस फुटी दांडा वाऱ्याने झुलला, तर त्याचे टोक कोठे जाईल हे खालच्या माणसाच्या हातात पूर्णपणे राहत नाही. ॲल्युमिनियमच्या शिडीबाबत ही भीती सगळ्यांना ठाऊक असते, दांड्याबाबत मात्र लक्षात येत नाही.

यावर तोडगा काढला तो शेजारच्या काकांनी. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ मशीनचा आवाज ऐकून दुपारची झोप सोडून आले होते. तक्रार करायला आले असावेत, पण दांडे पाहून तक्रार विसरले. “अहो, खालून कशाला एवढं ताणताय? पिंपच गच्चीवर न्या ना!” ते म्हणाले. खरोखरच, गच्चीवर कठड्याच्या आत, छातीएवढ्या संरक्षणामागे उभे राहिले की तीस फुटांऐवजी दोनच दांडे पुरत होते. नळी आखूड झाल्याने ओढ वाढली, टोकाचे झुलणे थांबले आणि तारांचा प्रश्नच उरला नाही. पिंप जिन्याने वर चढवताना दोन माणसांचा दम निघाला, तेवढी किंमत रास्त होती. जिन्याच्या खोलीमागचा भाग मात्र गच्चीवरून दिसत नव्हता. तेवढा खालून, पूर्ण लांबीचा दांडा लावून करावा लागला, पण त्या बाजूला तारा नाहीत.

कोरडा पाला यंत्राने विलक्षण वेगाने खेचला. दांड्यातून पाने खडखडत जातानाचा आवाज कानाला सुखावणारा होता, आणि जे काम कठड्यावर उभ्या माणसाने दुपारपर्यंत केले असते ते चहा व्हायच्या आत संपत आले. मोबाइलवर पत्र्याचा तळ स्वच्छ निळा दिसू लागला. धूळ खाली उडत नव्हती, भिंतीवर एक ओघळ आला नाही, आणि कबुतरांची वाळलेली विष्ठा, जी हाताने खरवडताना नाकातोंडात जाते, ती थेट पिंपात गेली. कबुतरे ज्यांच्या पन्हळीवर बसतात, त्यांनी हाताने काम करायचेच असेल तर रुमालावर न भागवता चांगला मास्क लावावा.

मग एका जागी दांडा अडला. कॅमेऱ्यात पाल्याचा ढीग दिसत होता, तोंड त्याच्यावर टेकवले की मोटारींचा सूर चढत होता, पण ढीग हलत नव्हता. चित्र मोठे करून पाहिले तेव्हा उलगडा झाला. संक्रांतीच्या पतंगांचा मांजा पन्हळीच्या पट्टीला अनेक वेढे घालून बसला होता, त्यात गुलमोहराच्या तीन-चार शेंगा आडव्या गुंतल्या होत्या आणि त्यांच्यामागे वर्षभराचा पाला थोपला होता. बंदी असूनही नायलॉनचा मांजा विकला आणि वापरला जातो, तो ऊनपावसात लवकर कुजत नाही आणि यंत्राच्या ओढीला तो तुटणे शक्यच नव्हते. शेंगा तर वाकड्या तोंडाच्या वळणातच अडकून बसत होत्या. अखेर शेवग्याच्या शेंगा काढायच्या आकडीला विळ्याचे पाते बांधले आणि गच्चीच्या आतूनच तो मांजा पट्टीजवळ कापला. शेंगा आकडीने एकेक ओढून आत घेतल्या. त्यानंतर उरलेला पाला यंत्राने एका दमात उचलला.

यंत्राची खरी मर्यादा मात्र नंतर, वळवाचा पहिला पाऊस होऊन गेल्यावर समजली. जिन्याच्या खोलीमागच्या कोपऱ्यात थोडा गाळ राहिला आहे असे वाटले, म्हणून त्याला पुन्हा बोलावले. त्याने फोनवरच सांगितले होते, “मॅडम, ओल्यात मजा नाही. आलो तरी सगळं निघेल असं सांगत नाही.” आणि तसेच झाले. दांड्याचे तोंड पाणी आणि चिखल यांत पूर्ण बुडाले की ओढ जणू गोठून जात होती. कारण सोपे आहे. व्हॅक्यूम म्हणजे वरच्या हवेचा दाब आपल्यासाठी काम करतो, एवढेच. समुद्रसपाटीला संपूर्ण निर्वात पोकळी केली तरी हवेचा दाब पाण्याचा स्तंभ १०.३ मीटरपेक्षा उंच चढवू शकत नाही, नाशिकच्या उंचीवर त्याहून थोडे कमी. आणि अशा यंत्रांची ओढ तर दोन-अडीच मीटर स्तंभाएवढीच असते. त्यामुळे नळी पाण्याने भरून यंत्र ते उचलते, ही कल्पनाच चुकीची आहे. पाणी आणि गाळ वाहून नेते ती वेगाने जाणारी हवा. म्हणून तोंड किंचित वर धरून, पाण्याबरोबर हवा आत जाऊ देत, घोटाघोटाने उपसावे लागते. दांडा आणि नळी जितकी लांब, तितके हे आणखी अवघड होते. तळाला चिकटलेला गुलमोहराचा लगदा तर हवेच्या झोताला दाद देत नाही, तो खरवडावाच लागतो, आणि दांड्याच्या टोकाला लावलेल्या खरवडणीला माणसाच्या मनगटाचा जोर नसतो. भरलेले पिंप रिकामे करणे हाही एक उद्योग होता. ओला गाळ लिटरला किलोहून जड भरतो, त्यामुळे पिंप अर्ध्यावर आले की थांबणे शहाणपणाचे.

म्हणजे सफाईची पद्धत ठरवताना उंची पाहायची तशीच ओलही पाहायची. वैशाखाच्या उन्हात गाळ ठिसूळ झालेला असतो, तेव्हा यंत्र शिडीला सहज मागे टाकते. रोहिणी निघून मृगाचा पाऊस सुरू झाला की पारडे फिरते. पण त्याच वेळी फरशी शेवाळते, शिडीच्या पायऱ्या निसरड्या होतात आणि शिडीवर चढणे सर्वांत धोक्याचे होते. दोन्ही पद्धतींना मे महिना सोयीचा, जून दोघींनाही गैरसोयीचा. पावसाच्या मध्ये उघडीप पाहून करू, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

खर्चाचे म्हणाल तर यंत्रवाल्याच्या एका फेरीचे पैसे रंगाऱ्याच्या दोन दिवसांच्या मजुरीहून जास्त झाले. मागच्या पन्हळीसाठी ते मी पुन्हा देईन. पुढच्या पन्हळीसाठी मात्र कोणी फुकट यंत्र आणले तरी मी हाताने करणेच पसंत करीन, कारण उकललेला सांधा कॅमेऱ्यात दिसला नसता. कॅमेरा वरून खाली पाहतो, आणि त्याला पाने गेली की नाही एवढेच कळते; पत्रा बोटाने दाबून तो कोठे पापुद्र्यासारखा झाला आहे, पट्टी हलते का, सांध्याच्या खालच्या बाजूला ओल आहे का, हे त्याला कळत नाही. जुन्या जस्ती पन्हळीला साफ करणे आणि तपासणे ही दोन वेगळी कामे नाहीत. शेडच्या नव्या पन्हळीला अजून काही वर्षे तपासणीची तेवढी गरज नाही, म्हणून तेथे यंत्र पुरते.

एक बाब मात्र दोन्ही पद्धतींना लागू आहे. जुन्या घरांच्या आणि गोदामांच्या छपरांवर ॲस्बेस्टॉस मिसळलेले सिमेंटचे पत्रे अजून पुष्कळ ठिकाणी आहेत, आणि काहींच्या पन्हळीही त्याच्याच आहेत. असा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, त्याच्यावर पाय देणे म्हणजे थेट खाली जाणे. तो कोरडा खरवडला तर ॲस्बेस्टॉसचे तंतू हवेत मिसळतात, आणि साध्या व्हॅक्यूमच्या फिल्टरमधून हे सूक्ष्म तंतू निसटून यंत्राच्या मागून बाहेर फेकले जातात. तेथे ना ब्रश चालवावा ना साधे यंत्र. ते काम माहितगारावरच सोपवावे.

पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पन्हळ धुऊन काढण्याचा तिसरा मार्गही एका नातेवाइकांनी सुचवला. गाळ भरलेल्या पन्हळीत फवारा मारला की सगळा गाळ पाइपाच्या पहिल्या वळणात जाऊन बसतो आणि पन्हळीचे दुखणे पाइपात जाते. पन्हळ आधी रिकामी करून शेवटी नळाच्या साध्या धारेने धुवावी, एवढाच पाण्याचा उपयोग.

या हंगामानंतर आम्ही घरात काही फेरफार करून घेतले. पुढच्या भिंतीत, पन्हळीच्या खाली हातभर अंतरावर, शिडीचे टोक बांधण्यासाठी ठरावीक अंतराने जाड लोखंडी कड्या बसवल्या. दोन्ही पाइपांच्या तळाशी, जमिनीपासून फूटभर उंचीवर, उघडता येणारे झाकण असलेला तुकडा जोडला, म्हणजे वरून सुटलेला गाळ चेंबरमध्ये जाण्याआधी तेथेच काढता येतो. शेजाऱ्यांशी बोलून गुलमोहराच्या शेडवर आलेल्या दोन फांद्या महापालिकेची रीतसर परवानगी काढून उतरवायचे ठरले आहे. आणि गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या भिंतीला, पावसापासून आडोसा देऊन सोळा अँपिअरचा एक सॉकेट स्वतंत्र तारेवर काढून घेतला आहे. पुढच्या वैशाखात गीझरची खिडकी उघडी ठेवावी लागणार नाही.